पन्नास वर्षांचा ट्रक विंटेज का ठरत नाही?

जुन्या टाटा-मर्सिडीज, बेडफर्ड, फार्गो ट्रकांवर जीव असणारी माणसं महाराष्ट्रात कमी नाहीत. कुणाच्या आजोबांचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता, कुणी लहानपणी उसाच्या गाडीच्या केबिनमध्ये बसून साखर कारखान्यापर्यंत गेलेलं असतं. असा एखादा ट्रक मध्य प्रदेशात किंवा राजस्थानात शेडमध्ये उभा आहे असं कळतं, सौदा ठरतो, आणि मग त्याचं एमएच पासिंग कसं करायचं याबद्दल ऐकीव सल्ल्यांचा पाऊस पडतो. त्यातले बरेच सल्ले चुकीचे असतात आणि त्यांची किंमत गाडी घेणाऱ्यालाच मोजावी लागते.

सगळ्यात पक्का बसलेला समज असा, की पन्नास वर्षं झाली म्हणजे गाडीला विंटेजचा नंबर मिळतो. जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद आली, हे खरं. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षं झालेली, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आणि नोंदणीची मुदत दहा वर्षं. पण ही सोय फक्त दुचाकींना आणि एम-१ गटातल्या चारचाकींना आहे. एम-१ म्हणजे चालक सोडून जास्तीत जास्त आठ आसनं असलेली प्रवासी गाडी. मालवाहू वाहनं एन गटात येतात आणि त्या गटाचा या तरतुदीत समावेशच नाही. १९५८ची फियाट विंटेज ठरू शकते. तिच्या शेजारी उभा असलेला त्याच वर्षीचा ट्रक मात्र ठरत नाही.

हे मला मनापासून खटकतं. टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार करून १९५४मध्ये जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीतून मुंबईत डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडत होते. बेडफर्ड आधी शिवडीत जोडले जात, पुढे हिंदुस्तान मोटर्स ते बनवू लागली. धरणांवर, रस्त्यांवर, बाजार समित्यांत राबलेली ही वाहनं देशाच्या इतिहासाचा भाग आहेत आणि संस्थानिकांच्या मोटारींइतकाच मान त्यांनाही मिळायला हवा. नियम बदलावा म्हणून जुन्या वाहनांच्या संघटनांनी जरूर पाठपुरावा करावा. पण आज ट्रक घेणाऱ्याने आजचा नियम धरूनच हिशेब मांडला पाहिजे.

त्यातूनच दुसरा गैरसमज निघतो: ‘मला धंदा करायचा नाही, हौस म्हणून ठेवणार, तेव्हा गाडी खाजगीच.’ कायदा वापराआधी बांधणी बघतो. माल वाहण्यासाठीच बांधलेली गाडी ही मालवाहू गाडी, म्हणजेच परिवहन वाहन. तिला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस लागतं, महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो, आणि भारासह एकूण वजन तीन टनांवर असेल तर परमिटही लागतं. खरेदीच्या किमतीत हा खर्च धरलेला नसतो, आणि पुष्कळांचा उत्साह तिथेच मावळतो.

आता कागदांकडे. विकणारा पिवळी पडलेली आरसी पुढे करतो आणि घेणारा निर्धास्त होतो. पण नुसतं पुस्तक हातात असणं पुरेसं नाही. त्याची नोंद मूळ आरटीओच्या दप्तरात सापडली पाहिजे. सध्याचा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ला लागू झाला. त्याआधीच्या, तीन अक्षरी नंबरांच्या कित्येक गाड्यांची नोंद अजून कागदी रजिस्टरांतच आहे. ती ‘वाहन’ या संगणक प्रणालीवर चढवायची तर बॅकलॉग एंट्री करावी लागते, आणि ती मूळ कार्यालयच करू शकतं. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या आरटीओत कितीही खेटे घातले तरी ते काम तिथे होत नाही. म्हणून इसारा देण्याआधी विकणाऱ्याला त्याच्या आरटीओत पाठवावं, नोंद प्रणालीवर आणून घ्यावी. कर थकलेला असेल किंवा कर्जाचा बोजा उतरवलेला नसेल तर तेही याच वेळी उघड होतं.

चासी नंबर स्वतः बघावा. गंज घासून पेन्सिल प्रिंट घ्यावी आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघावं. इंजिनाचंही तसंच. जुन्या पेट्रोल ट्रकांत डिझेल इंजिन बसवणं एके काळी सर्रास चालायचं, आणि तो बदल आरसीवर चढलेला नसेल तर तपासणीत गाडी अडते. इंजिनबदल रीतसर नोंदवता येतो. चासीच्या बाबतीत मात्र कसलीही तडजोड नको. भंगारातल्या चांगल्या चासीला दुसऱ्या मोडक्या ट्रकची आरसी ‘लावून देतो’ म्हणणारे दलाल भेटतात. तो सरळ गुन्हा आहे, आणि तो घेणाऱ्याच्याही अंगावर येतो.

एनओसीबद्दल लोकांना वाटतं, की ती केवळ औपचारिकता आहे, मागाहून आणली तरी चालते. प्रत्यक्षात अठ्ठावीस नंबरच्या फॉर्मवर अर्ज आल्यावर मूळ आरटीओला पोलिसांकडून गाडी चोरीची नसल्याचा लेखी अहवाल घ्यावा लागतो आणि सरकारी देणी फिटली आहेत का हे तपासावं लागतं. परराज्यातल्या खरेदीत घेणाऱ्याला खरं संरक्षण देणारा कागद हाच. तीस दिवसांत होकार किंवा नकार कळवला नाही तर ती दिली असं कायदा मानतो, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवावी.

‘बारा महिने परराज्याचा नंबर चालतो’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. बारा महिन्यांची मुदत नवा नंबर घेण्यासाठी आहे, मालकी बदलण्यासाठी नाही. गाडी हाती आल्यापासून तीस दिवसांत घेणाऱ्याने आपल्या आरटीओला मालकी बदल कळवायचा असतो. त्यासाठी एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म, नव्या नंबरासाठी सत्तावीस. मूळ मालक हयात नसेल, आणि जुन्या ट्रकांत हे फार वेळा घडतं, तर आधी वारसाच्या नावावर एकतीस नंबरच्या फॉर्मने गाडी चढते आणि मगच विक्री. मृत माणसाच्या नावाचा सही केलेला कोरा फॉर्म कुणी दिला तर तो घेऊ नये.

नाव बदलेपर्यंत विकणाराही मोकळा होत नाही. अपघाताची भरपाई आरसीवर नाव असलेल्या मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं. विकणाऱ्याला हे नीट सांगितलं, तर आरटीओत यायला तो कुरकुर करत नाही. विमा गाडीबरोबर आला, तरी चौदा दिवसांत कंपनीला कळवून तो आपल्या नावावर करून घ्यायचा असतो.

‘शेतातच फिरवणार, नोंदणी कशाला?’ असंही विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ सार्वजनिक जागेसोबत ‘इतर कोणत्याही जागी’ विनानोंदणी गाडी चालवायलाही मनाई करतं. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात घालावीच लागते, ही भीती मात्र महाराष्ट्रातल्या खाजगी मालकांपुरती निराधार आहे. १ एप्रिल २०२३पासून ती सक्ती सरकारी वाहनांना आहे. दिल्ली परिसराचे निर्बंध वेगळे आहेत. आपल्याकडे प्रश्न फिटनेसचा: ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर. तिथे खर्च करायची तयारी हवी.

आणि लायसन्स. ट्रक दिसला की हेवी लायसन्सच हवं असं नाही. भारासह एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाच्या लायसन्सवर तो चालवता येतो; नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे पक्कं केलं. तो आकडा आरसीवर लिहिलेला असतो. बेडफर्ड किंवा टाटा-मर्सिडीजचे मोठे ट्रक बहुधा त्यापेक्षा जड भरतात, म्हणून गाडी आणायला निघण्याआधी तो वाचावा आणि गरज असेल तर हेवी लायसन्सचा चालक सोबत न्यावा.