शेवंतीची जागा कुंडीत

शरद ऋतूचे रंग म्हटले की भिंतीवरच्या कॅलेंडरांत परदेशातली लाल-पिवळी जंगले दिसतात. बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारला त्या चित्रांचा काही उपयोग नाही. इथे पाऊस ओसरतो तेव्हा विवराच्या उतारावरचे रान भरगच्च हिरवे असते. पानगळ येते ती थंडी सरताना. म्हणजे शरद-हेमंताला रंग आणायचा तर तो फुलांनीच. विवरातल्या कमळजा देवीच्या नवरात्रातल्या यात्रेपासून दसऱ्यापर्यंत ते काम झेंडू चोख करतो, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याची तोरणे वाळू लागतात. पुढचे दोन-अडीच महिने, म्हणजे दिवाळी, तुळशीचे लग्न आणि मार्गशीर्षातले गुरुवार, खरे तर शेवंतीचे. बाजारात ती वेणीत, हारात, पूजेच्या पुडीत भेटते. दारात मात्र क्वचित दिसते, आणि दिसली तर बहुधा दिवाळीला रोपवाटिकेतून आणलेली आणि महिनाभरात उकिरड्यावर गेलेली. त्यावरून ‘आपल्याकडे शेवंती टिकत नाही’ असा निकाल लावला जातो. हा निकाल चुकीचा आहे. लोणारसारख्या गावात शेवंती उत्तम येते. फक्त तिला जमिनीत न लावता कुंडीत लावायला हवी. अंगण नाही म्हणून कुंडी, असा इथे विचारच नको. अंगण असले तरी कुंडीच.

पहिले कारण माती. लोणार दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर वसले आहे; उल्का आदळून झालेले ते प्रसिद्ध विवरही याच खडकात आहे. या खडकाची भारी काळी माती पाणी धरून ठेवते, पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. कपाशीची सोटमुळे तिच्यात खोल उतरतात. शेवंतीची मुळे मात्र उथळ आणि तंतुमय. जुलै-ऑगस्टात चार दिवस झडी लागली की ती गुदमरतात, कुजतात, आणि वरची पाने मलूल झाल्यावर माणूस आणखी पाणी घालतो. दुसरी अडचण सामूची. शेवंतीला किंचित आम्ल, साडेसहाच्या आसपासचा सामू मानवतो. चुनखडी असलेल्या काळ्या जमिनीत तो आठाच्या घरात जातो, तेव्हा मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाण्याचा प्रश्नही आहेच. विवरातल्या सरोवराचे पाणी अतिशय अल्कधर्मी, तर विवराच्या काठावरच धारेचे झरे गोड. त्याच परिसरातली सासू-सुनेची विहीर एका अंगाला गोड आणि दुसऱ्या अंगाला खारट असल्याचे सांगतात. एवढ्याशा टापूत पाण्याचे इतके प्रकार असतील, तर आपल्या बोअरचे पाणी कसे आहे हे गृहीत धरून चालत नाही. वावराची माती बदलता येत नाही, दहा इंची कुंडीची येते. एक भाग पोयटा, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट, आणि तळाच्या भोकावर खापराचे तुकडे: एवढ्याने निचऱ्याचा आणि सामूचा निम्मा प्रश्न सुटतो. कुंडी मातीचीच घ्यावी. तिच्या अंगातून पाणी पाझरून मुळे गार राहतात, आणि ऑक्टोबरच्या उन्हात तो गारवा मोलाचा ठरतो.

पण सर्वांत मोठे कारण माती नाही, अंधार आहे. झाडांना दिवसाची लांबी कळते, हे अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड या दोघांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून मांडले. पुढे १९३०च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी शेवंतीवरच प्रयोग करून दाखवले की ही जाणीव शेंड्याला नव्हे, पानांना होते. पानांत काहीतरी तयार होते आणि ते शेंड्याकडे जाऊन कळीचा हुकूम देते. त्यानंतरच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: झाड मोजते ती दिवसाची लांबी नव्हे, सलग रात्रीची. दिवस साडेतेरा तासांच्या खाली उतरला, म्हणजे रात्र साडेदहा तासांहून मोठी झाली, की बहुतेक शेवंती कळीच्या मार्गाला लागतात. कळी नीट वाढायला रात्र आणखी मोठी लागते. जातीजातीत फरक असतो, पण तत्त्व हेच.

आता हे गणित लोणारला लावून पाहावे, कारण इथेच परदेशी बागकामाची पुस्तके फसवतात. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांचा असतो. लोणार जवळजवळ २० अंश उत्तर अक्षांशावर आहे; इथला वर्षातला सर्वांत मोठा दिवस साधारण १३ तास २० मिनिटांचा आणि सर्वांत लहान १० तास ५५ मिनिटांचा. म्हणजे आपल्याकडे शेवंतीला ठणठणीत ‘मोठा दिवस’ कधी मिळतच नाही. फेब्रुवारी-मार्चात रोप लावले तर ते वीतभर उंचीवरच अवेळी कळ्या धरते आणि मालक खूश होतो. त्या कळ्या निर्दयपणे खुडाव्यात. नाहीतर झुडूप होणार नाही आणि ऐन हंगामात चार फुलांवर भागवावे लागेल. सप्टेंबरच्या सुरुवातीला इथला दिवस साडेबारा तासांवर येतो. तिथून बहुतेक जातींना फुलायला सात ते दहा आठवडे लागतात, आणि ऑक्टोबरचा उष्मा लांबला तर थोडे अधिकच, कारण फार उष्णतेतही कळी रेंगाळते. हिशेब सरळ नोव्हेंबरवर येतो आणि उशिराच्या जाती डिसेंबरभर टिकतात.

हाच हिशेब दिवाळीच्या कुंड्यांचे कोडेही सोडवतो. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. २०२५ साली दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली. अधिक महिन्यामुळे सण असा पुढेमागे सरकतो, शेवंतीची रात्र सरकत नाही. म्हणून लवकर दिवाळी येते त्या वर्षी बाजारात दिसणारी पूर्ण फुललेली कुंडी बहुधा मोठ्या शेडमध्ये काळ्या कापडाखाली रोज संध्याकाळपासून सकाळपर्यंत झाकून, कृत्रिम रात्र देऊन तयार केलेली असते. त्यात फसवणूक काही नाही. ती कारागिरीच आहे. मात्र असे झाड आपल्याकडे येते तेव्हा त्याचा बहर उताराला लागलेला असतो, आणि महिनाभरात सुकते ते फूल, झाड नव्हे. घरी वाढवणाऱ्याने दिवाळीचा हट्ट सोडून मार्गशीर्ष धरला तर काळे कापड लागतच नाही. अट एकच: सप्टेंबर-ऑक्टोबरात कुंडीवर रात्री दिव्याचा उजेड पडू नये. ओसरीतला रात्रभर जळणारा बल्ब किंवा दारासमोरचा पथदिवा अंधाराची सलगता मोडतो आणि कळ्या लांबतात. जमिनीतले झाड तिथून हलवता येत नाही. कुंडी परसात किंवा गच्चीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेता येते. कळ्यांनी रंग दाखवला की मग दारात, दिव्यांच्या माळेखाली खुशाल आणावी. तेव्हा उजेडाने काही बिघडत नाही.

बाकीची मेहनत फारशी नाही. पहिल्या पावसानंतर काश्या (झाडाच्या बुडाशी फुटलेले मुळांसकट कोंब) किंवा मुळे फुटलेली शेंड्याची कलमे कुंडीत लावायची. रोप वीतभर झाले की शेंडा खुडायचा, फुटव्यांचे शेंडे पुन्हा एकदा खुडायचे आणि ऑगस्टच्या मध्यानंतर हात आवरायचा. एकच टपोरे फूल हवे असेल तर बाजूच्या कळ्या काढायच्या. दारात रंगाचा गुच्छ हवा असेल तर काढू नयेत. प्रदर्शनांत पहिल्या प्रकाराचे कौतुक फार होते, घराला दुसराच शोभतो असे माझे मत. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने न खुडता आणि काठीचा आधार न देता आपोआप गोल होणाऱ्या बुटक्या जाती तयार केल्या आहेत. ज्यांना वेळ नाही त्यांनी त्याच शोधाव्यात. आपल्याकडची पांढरी राजा किंवा पिवळी झिप्री ही शेतातली, सुट्या फुलांची शेवंती. ती कुंडीतही येते, पण उंच जाते, म्हणून तिला काठी हवी.

यावर पहिला आक्षेप पाण्याचा येईल, आणि तो गंभीर आहे. बुलडाणा जिल्ह्यात उन्हाळ्यात गावोगाव टँकर लागतात. तिथे शोभेच्या फुलाला पाणी कशाला? पण शेवंतीची तहान कधी असते ते पाहा. तिची वाढ जुलै ते डिसेंबर, म्हणजे पाणी असते त्याच काळात. एप्रिल-मेमध्ये सगळ्या कुंड्या सांभाळायची गरज नाही. काश्यांसाठी एखाद-दुसरी मातृकुंडी सावलीत जगवली की पुरे, आणि तिला भांडी विसळलेले, साबण नसलेले पाणी चालते. फिल्टर मशीनचे टाकाऊ पाणी मात्र घालू नये. त्यात क्षार दाटलेले असतात. पत्र्यावरून पडणारे पावसाचे पाणी पिंपात धरले तर ते कोणत्याही बोअरपेक्षा चांगले. दुसरा आक्षेप झेंडूप्रेमींचा: झेंडू स्वस्त, निर्धोक, शिवाय बियाण्याचा. खरे आहे, पण ते झेंडूचा महिना सोडून बोलल्यासारखे होते. डिसेंबरात दारातला झेंडू थकलेला असतो आणि शेवंती ऐन बहरात. कोणी हेही विचारेल की हे फूल मुळात चीनचे, फ्रान्समध्ये तर १ नोव्हेंबरला कबरींवर याच कुंड्या ठेवतात. असू दे. जपानच्या राजघराण्याच्या चिन्हातही सोळा पाकळ्यांची शेवंतीच आहे. मराठी देव्हाऱ्यात ती रुजून कित्येक पिढ्या झाल्या आहेत.

लोणारपुरता एक मुद्दा वेगळा आहे. २०२० साली सरोवराला रामसर दर्जा मिळाला, आणि विवराचा परिसर अभयारण्य आहे. काठावरच्या शेतांतून आणि वस्तीतून वाहून येणारी खते आणि फवारणीची औषधे शेवटी उताराने खालीच जातात. एका घराच्या दहा कुंड्यांनी सरोवर बिघडेल असे कोणी म्हणणार नाही. तरी कुंडीतल्या मावा आणि फुलकिड्यांना निंबोळी अर्क आणि पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, वाफ्यावर मात्र लोक सवयीने तीव्र औषध मारतात. आणि कुंड्या मांडायच्या त्या गावात, घराच्या ओट्यावर, दुकानाच्या पायरीवर, शाळेच्या व्हरांड्यात. विवराच्या काठावर पर्यटकांसाठी सुशोभीकरण म्हणून नकोत. तिथे रानालाच राहू द्यावे. मांडताना पूर्वेकडची जागा निवडावी, सकाळचे चार-पाच तास ऊन मिळेल अशी. पिवळ्या आणि तांबूस कुंड्या मागे, पांढऱ्या पुढे, म्हणजे संध्याकाळच्या अंधुक उजेडातही रांग उठून दिसते. जानेवारीत फुले करपली की झाड जमिनीपासून चार बोटांवर छाटावे. आठवड्या-दोन आठवड्यांत बुडाशी काश्या फुटतात. त्यातल्या जाडजूड, मूळ असलेल्या निवडून शेजाऱ्यांना द्याव्यात आणि दोन-चार आपल्या मातृकुंडीत ठेवाव्यात.