आधी रिस्टोअरचं बोला

मोठ्या डेटाबेसचा बॅकअप कसा घ्यायचा, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: डेटाबेस बसला तर परत उभा राहायला किती तास चालतील, आणि किती मिनिटांचा डेटा गेला तर चालेल? ‘एक मिनिटाचाही नाही’ हे उत्तर ठरलेलंच. खर्चाचा आकडा पुढे ठेवला की ते हळूहळू नरमतं.

मग साधा भागाकार. डेटा 4 टेराबाइट, नेटवर्क 1 गिगाबिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम 110 मेगाबाइट. नुसत्या फाइली आणण्यातच दहा तास गेले. पोस्टग्रेसचा डंप इथे आणखी अंगावर येतो. त्यात इंडेक्सची फक्त व्याख्या असते, त्यामुळे रिस्टोअर करताना प्रत्येक इंडेक्स नव्याने बांधावा लागतो. त्यापेक्षा डेटाच्या फाइलींचाच बेस बॅकअप घ्यावा आणि पुढच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या वॉल फाइली साठवत जाव्यात.

रिस्टोअरची तालीम करताना ही रचना कळते. कुणीतरी भलताच डिलीट चालवला, त्याच्या मिनिटभर आधीची वेळ द्यायची. लॉगमध्ये 16-16 मेगाबाइटच्या वॉल फाइलींची नावं सरकू लागतात. सर्व्हरला 32 कोअर असोत, वॉल चढवणारी प्रोसेस एकटीच. बाकीचे कोअर जवळपास रिकामे. आठवड्यातून एकदाच बेस बॅकअप घेतला असेल तर सहा दिवसांचं वॉल याच एका प्रोसेसच्या गळ्यात. रोज बेस घ्यावा तर जागा आणि नेटवर्क खातो. 2024 मध्ये आलेल्या पोस्टग्रेस 17 मधला इन्क्रिमेंटल बॅकअप ही कोंडी बरीच सोडवतो.

‘आपल्याकडे स्टँडबाय आहे की!’ हे वाक्य तर प्रत्येक बैठकीत येतं. स्टँडबायवर चुकीचा डिलीटही तितक्याच इमानदारीने पोचतो.

31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅबमध्ये स्टँडबायऐवजी मुख्य सर्व्हरचीच डेटा डिरेक्टरी पुसली गेली. सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरले. रोजचा डंप आवृत्ती जुळत नसल्याने फसत होता आणि तसं कळवणारे ईमेल परस्पर नाकारले जात होते. डेटाबेस सर्व्हरच्या डिस्कचे स्नॅपशॉट चालूच केलेले नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी चाचणीसाठी कुणी हाताने घेतलेला एलव्हीएम स्नॅपशॉट सापडला. तो होता मंद डिस्कवर. मुख्य सर्व्हरवर कॉपी करायलाच सुमारे 18 तास लागले.