खापरावरचा त्रिशूळ

खापर हातात आलं की आधी खूण बघायची नाही, कड बघायची. काठाचा तुकडा असेल तर वरची बाजू कळते. पोटाचा तुकडा असेल तर आतून बोट फिरवायचं; चाकावर फिरताना उमटलेल्या बारीक रेघा लागतात आणि आडवं कुठलं, उभं कुठलं एवढं समजतं. वर-खाली मात्र तरीही समजत नाही. म्हणूनच एकानं त्रिशूळ म्हणून काढलेली आकृती दुसऱ्याच्या वहीत बाण होऊन बसते.

भोकरदनला केळना नदीच्या काठी जुन्या वस्तीची पांढरी आहे. मोठा पाऊस पडून गेला की माती धुपते आणि खापरं उघडी पडतात. मी उकिडवा बसून भिंगातून असंच एक काळं-तांबडं खापर, जागेवरून न हलवता, निरखत होतो. मागे शेळ्या घेऊन थांबलेल्या आजोबांनी वाकून पाहिलं आणि निकाल देऊन टाकला, "तिरसूळ हाय तो. महादेवाचा."

तीन टोकं, खाली दांडी. आजोबांचं चुकलं असं कसं म्हणावं? विद्वानांनीही हेच केलं आहे, फक्त तळटीपा देऊन.

भिंगाखाली ती रेघ वेगळंच काही सांगते. ओल्या मातीवर काडीनं ओढलेल्या रेघेच्या दोन्ही कडांना मातीची बारीक वरवंडी उठते, आणि भाजल्यावर रेघेच्या आतला रंगही भांड्याच्या रंगाचाच होतो. भाजलेल्या भांड्यावर टोकदार वस्तूनं कोरलं तर कडा खरबरीत तुटतात, लकाकी ओरखडली जाते आणि आतली कोरडी माती दिसते. पहिली खूण कुंभाराची. दुसरी बहुधा ज्याच्या घरात भांडं गेलं त्याची. या खापरावरची रेघ दुसऱ्या जातीची होती. टोक एकदा घसरलं होतं, मग तीच रेघ पुन्हा गिरवली होती. देवाचं चिन्ह काढणारा हात घसरत नाही असं नाही; पण हे काम घाईचं होतं.

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घेतात. लग्नातल्या पंगतीनंतर आपला डबा आपल्याकडेच यावा म्हणून. त्याच घरात कलशावर कुंकवाचं स्वस्तिकही असतं. दोन हजार वर्षांनी दोन्ही तुकडे एकाच खड्ड्यात सापडले तर?

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवरच्या दानलेखांत इथल्या माणसांचा उल्लेख येतो. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली इथं उत्खनन केलं आणि सातवाहन काळातलं भरभराटीचं व्यापारी गाव उजेडात आलं. अशा गावात चिन्हांची रेलचेल असणारच. सातवाहन नाण्यांवर हत्ती आहे, कठड्यातलं झाड आहे, चार टोकांना वर्तुळं असलेलं उज्जैन चिन्ह आहे. तीन कमानींच्या आकृतीला जुन्या अभ्यासकांनी बिनदिक्कत चैत्य म्हटलं. आता बरेच जण तिला डोंगर म्हणतात. आकृती तीच, फक्त धर्म गळून पडला.

भोकरदनला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती खंडित आहे, पण पॉम्पेईत 1938 साली सापडलेल्या मूर्तीशी तिचं नातं चटकन दिसतं. त्या पॉम्पेईच्या मूर्तीला बराच काळ लक्ष्मी म्हटलं गेलं. पुढे यक्षीचा पक्ष बळावला. तिच्या बैठकीवर खरोष्ठी लिपीतलं एकच अक्षर कोरलेलं आहे. ते मंत्राचं बीजाक्षर नाही. कारागिरानं जोडकामासाठी केलेली खूण असावी, असं मानतात. मला हे अक्षर त्या मूर्तीच्या दागिन्यांपेक्षा जास्त आवडतं.

खापरावरच्या खुणांचा खरा बाजार भरला आहे तो तमिळनाडूत. कोडुमणल, कीळडी, आदिच्चनल्लूर इथून त्या ढिगानं निघाल्या. पुरातत्त्वज्ञ ब्रज बासी लाल यांनी 1960 सालीच महापाषाणयुगीन भांड्यांवरच्या खुणा हडप्पा आणि ताम्रपाषाण काळातल्या खुणांशी ताडून पाहिल्या होत्या. 2006 मध्ये सेम्बियन कंडियूरला मिळालेल्या दगडी कुऱ्हाडीवर चार चिन्हं होती. ती सिंधू लिपीतली मानून लिपितज्ज्ञ ऐरावतम महादेवन यांनी त्यांतल्या पहिल्या दोनांत मुरुगन देवाचं नाव वाचलं. जानेवारी 2025 मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी सिंधू लिपी उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. बक्षीस लागलं की त्रिशूळांची संख्या वाढते, असा आपला माझा संशय.

कोडुमणलच्या खापरांवर तमिळ-ब्राह्मीत माणसांची नावं आहेत आणि काही ठिकाणी नावाशेजारीच खूणही आहे. अशा वेळी खुणेला मालकीची किंवा कुळाची म्हणायला आधार मिळतो. खूण थडग्यात ठेवलेल्या भांड्यांवर पुन्हा पुन्हा येत असेल, तर श्रद्धेचा विचार करायलाही जागा होते. आपल्या विदर्भात टाकळघाट-खापा, माहूरझरी इथली शिळावर्तुळं भोकरदनच्याच शां. भा. देव यांनी खणली. तिथं कुठल्या वर्तुळात, कोणत्या वस्तूंजवळ काय मिळालं, याची नोंद आहे. पांढरीवर पावसानं वर काढलेल्या खापराला असा शेजार नसतो. म्हणून माझ्या वहीत नोंद झाली ती एवढीच: काळं-तांबडं, पोटाचा तुकडा, भाजल्यानंतर कोरलेली तीन टोकांची खूण, दिशा अनिश्चित. आजोबांचा त्रिशूळही लिहिला, "स्थानिक समज" या रकान्यात.

तुमच्या शेतात किंवा गावच्या पांढरीत असं खापर दिसलं, तर घासू नका, खुणेत खडू भरू नका आणि घरी नेऊ नका. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठातल्या पुरातत्त्वाच्या शिक्षकांना कळवा. आणि घराच्या धाब्यासाठी पांढरीची माती ट्रॅक्टरनं उपसत असाल, तर ते आधी थांबवा.