टारफुल्यापासून ग्लायोब्लास्टोमापर्यंत

टारफुल्याची ओळख ज्वारीच्या शेतकऱ्याला करून द्यावी लागत नाही. पिकाच्या मुळांवर जगणाऱ्या या तणाचं बी जमिनीत वर्षानुवर्षं निपचित पडून असतं आणि जवळच्या मुळातून ठरावीक रसायन पाझरलं की रुजतं. १९६६ साली अमेरिकी संशोधकांनी कापसाच्या मुळांच्या पाझरातून असं एक रसायन वेगळं केलं. पण पीक आपल्याच वैऱ्याला का बोलावतं? उत्तराला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. बोलावणं असतं मुळांना स्फुरद पुरवणाऱ्या बुरशीला, हे जपानी संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं, टारफुला आगंतुक. २००८ मध्ये हीच द्रव्यं, म्हणजे स्ट्रिगोलॅक्टोन, फांद्या फुटण्याला आवर घालतात असं सिद्ध झालं आणि ती वनस्पतींच्या संप्रेरकांत जाऊन बसली.

वाढ रोखणारं द्रव्य म्हटल्यावर कर्करोगवाल्यांचं लक्ष जाणारच. २०१२ मध्ये स्ट्रिगोलॅक्टोनच्या कृत्रिम रूपांनी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मारल्या. पुढे ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या सर्वांत आक्रमक गाठीच्या, पेशींवरही प्रयोग झाले. त्याआधीच, २००२ मध्ये, इस्रायलमध्ये जास्मोनेट या दुसऱ्या संप्रेरकाची कर्करोगाच्या पेशींवर परीक्षा झाली होती. ॲबसिसिक आम्ल या आणखी एका संप्रेरकाचाही ग्लायोमावर, म्हणजे ग्लायोब्लास्टोमा ज्यात मोडतो त्या गाठींवर, परिणाम दिसला.

हे सगळं घडलं मुख्यतः काचेच्या बशीत, आणि बशीत पेशी मारणं फारसं अवघड नसतं. मिथाइल जास्मोनेटची तिथे लागलेली मात्रा इतकी जास्त, की माणसाच्या रक्तात ती गाठणंच कठीण. त्यात मेंदूभोवती रक्तवाहिन्यांचा कडेकोट पहारा. सदाफुलीतून मिळणारं व्हिनक्रिस्टीन (ते संप्रेरक नव्हे, अल्कलॉइड) काही मेंदूगाठींसाठी अनेक वर्षं वापरात आहे, पण तेही हा पहारा नीट ओलांडत नाही. टेमोझोलोमाइड हे औषध तो ओलांडतं. तरी २००५ च्या गाजलेल्या चाचणीत, किरणोपचारांना त्याची जोड दिल्यावर, ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांचं मध्यक आयुर्मान १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेलं, एवढंच. इथे अडीच महिनेही मोठी कमाई मानली जाते.

म्हणून या संशोधनाला मी निरुपयोगी म्हणणार नाही. नव्या रेणूंची इथे खरोखर गरज आहे. मात्र मेंदूच्या कर्करोगावर मान्यता मिळालेलं एकही वनस्पती-संप्रेरक आज नाही. त्यांच्या नावाने कुणी अर्क विकायला आला, तर चाचणी पेशींवर झाली की रुग्णांवर, एवढं आधी विचारा. आणि चालू उपचार बंद करू नका.