एक कमरेला, एक घरात

ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीच्या बाजूला, बंदुकांच्या दुकानात मी काउंटरच्या आत उभी असते. पहिली बंदूक घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मला दारातच ओळखू येतं. ते काचेच्या कपाटाकडे थेट येत नाही. आधी भिंतीवरच्या रायफली बघतं, मग होल्स्टरपाशी रेंगाळतं, फोनमध्ये काहीतरी वाचतं आणि शेवटी एका दमात सांगून टाकतं, ‘दोन हव्यात. एक जवळ बाळगायला, एक घरात ठेवायला.’ मराठी, तेलुगू, स्पॅनिश, इंग्रजी, कुठल्याही भाषेतला माणूस असो, मागणी हीच.

आपल्या लोकांच्या या मागणीमागे बहुतेक वेळा सोनं असतं. 2011 ते 2014 च्या दरम्यान भारतीय आणि इतर आशियाई कुटुंबांची घरं हेरून लुटणारी एक टोळी जॉर्जिया, न्यूयॉर्क, मिशिगन, टेक्सस अशा राज्यांत फिरत होती. ती पकडली गेली, तिला शिक्षाही झाली, पण त्या बातम्या अजून घराघरांत सांगितल्या जातात. शेजारच्या गल्लीत घरफोडी झाली की पुढच्या शनिवारी आमच्याकडे दोन-तीन देशी जोडपी हमखास येतात. भीती खरी असते. म्हणून त्यांच्याशी बोलायला मी वेळ काढून ठेवते.

आणि पहिलीच गोष्ट सांगते ती ही, की दोन एकदम घेऊ नका. आधी एक घ्या, ती हाताला बसू दे, मग दुसरीचं बघू.

विकणाऱ्या बाईनंच असं म्हणावं याचं गिऱ्हाइकाला नवल वाटतं. वास्तविक बंदुकीवर दुकानाला फारसं सुटत नाही. नफा असतो तो होल्स्टर, काडतुसं, साफसफाईचं सामान आणि रेंजच्या भाड्यात. शिवाय दोन एकदम घेतल्या की कागद वाढतात. एकाच माणसाला कामकाजाच्या सलग 5 दिवसांत दोन किंवा जास्त हँडगन विकल्या, तर दुकानदारानं 3310.4 क्रमांकाचा फॉर्म भरून त्याच दिवशी एटीएफ या केंद्रीय खात्याला आणि स्थानिक पोलिसांना कळवायचं असतं. त्यात गुन्हा काही नाही, बंदीही नाही. पण ‘पोलिसांना कळवणार’ एवढं ऐकून ग्रीन कार्डवाल्या सज्जन माणसाचा चेहरा उतरलेला मी पाहिला आहे.

खरं कारण मात्र हाताचं आहे.

नवशिक्याचा हिशेब असा, की लहान म्हणजे हलकी आणि हलकी म्हणजे चालवायला सोपी. यातला शेवटचा भाग उलटा आहे. रुगरची एलसीपी रिकामी असताना पावणेतीनशे ग्रॅमही भरत नाही, खिशात गडप होते. पण झाडली की तिचा सगळा धक्का अंगठ्याच्या बेचक्यात बसतो. मूठ इतकी आखूड की करंगळीला जागाच उरत नाही, आणि नेम धरायच्या खुणा नखाएवढ्या. तेच मध्यम बांध्याचं ग्लॉक 19 घ्या, त्यात 15 गोळ्या बसतात, वजन सहाशे ग्रॅमच्या पुढे. त्यातून 9 मिलिमीटरचं काडतूस झाडलं तरी हात जागेवर राहतो, कारण धक्क्यातला मोठा वाटा पिस्तुलाचं वजनच खातं. 2018 साली सिग सॉअरनं पी365 आणलं आणि अर्धा किलोच्या चिमुकल्या पिस्तुलात 10 गोळ्या बसवल्या, तेव्हापासून बाळगायच्या पिस्तुलांचा बाजारच बदलला. मलाही ते आवडतं. तरी पहिलं पिस्तूल म्हणून ते मी कोणाच्या हातात देत नाही. मोठ्यावर शिकलेला माणूस लहान्यावर जाऊ शकतो. लहान्यावर सुरुवात केलेला माणूस दचकायला शिकतो, आणि चाप ओढण्याआधी डोळे मिटायची ती सवय मोडायला फार कष्ट पडतात.

काडतूस कुठलं, हा वाद मी वाढू देत नाही. 1986 मध्ये मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, त्यानंतर त्या खात्यानं 9 मिलिमीटर सोडून जास्त जोराची काडतुसं घेतली. पुढे गोळ्या सुधारल्या, आणि तीसेक वर्षांनी तेच खातं 9 मिलिमीटरवर परत आलं. पहिल्या बंदुकीसाठी मला तेवढं पुरे आहे.

शुगरलँडहून पन्नाशीतलं एक जोडपं आलं होतं. यजमान कंपनीच्या कामासाठी महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी, मुलगी कॉलेजात, घरी वहिनी आणि ऐंशीच्या पुढच्या सासूबाई. यजमानांनी यादी करून आणली होती. स्वतःसाठी पी365 आणि घरासाठी, म्हणजे वहिनींसाठी, स्मिथ अँड वेसनचं 642, पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर.

‘बायकांना हेच बरं ना, ताई? स्लाईड ओढायला नको, काही अडकायला नको.’

हे मी रोज ऐकते, आणि बहुतेक वेळा नवऱ्याच्याच तोंडून. रिव्हॉल्व्हर साधं असतं, हे खरंच. पण 642 च्या चापाला पाच किलोच्या आसपास जोर लागतो आणि ते स्वतः जेमतेम चारशे ग्रॅमचं. बोटानं चाप खेचता खेचता नळीच हलते. मी वाद घातला नाही. त्यांना आत रेंजवर नेलं आणि भाड्याचं 642 वहिनींच्या हातात दिलं. सात यार्डांवर टार्गेट. पहिल्या पाच गोळ्यांपैकी दोन कागदाला लागल्या, त्यातली एक पार कोपऱ्यात. दुसऱ्यांदा गोळ्या भरून तीन झाडल्यावर वहिनींनी रिव्हॉल्व्हर अलगद बाकावर ठेवलं आणि अंगठ्याचं बेचकं चोळत म्हणाल्या, ‘माझ्यानं नाही व्हायचं हे.’

मग मी शील्ड ईझेड आणलं. तेही स्मिथ अँड वेसनचंच, मुद्दाम हलक्या स्लाईडचं, म्हणजे वरचा सरकता भाग सहज ओढता येईल असं बनवलेलं. रिकामं आहे हे त्यांना दाखवलं, मॅगझिन काढून, स्लाईड मागे अडकवून, आत बोट घालून. हा आमचा शिरस्ता आहे. एकाच पिस्तुलाचं दहाव्यांदा केलं तरी अकराव्यांदा करायचं. वहिनी स्लाईडची शेपटी दोन बोटांच्या चिमटीत धरून मागे ओढू लागल्या. तशी ती कोणालाच ओढवत नाही. मी म्हटलं, ‘पिस्तूल छातीजवळ घ्या. नळी टार्गेटकडेच राहू द्या, बोट चापाच्या बाहेर. आता डावा पंजा वरून अख्खा स्लाईडवर ठेवून घट्ट धरा. डावा हात मागे ओढायचा नाही. उजव्या हातानं पिस्तूल पुढे ढकला.’ खट्‌कन स्लाईड मागे गेली. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा गेली. ‘अहो, जमतंय की मला,’ त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. त्या दिवशी त्यांच्या गोळ्या ताटलीएवढ्या जागेत बसल्या.

इथवर खरेदीचा सोपा भाग झाला. अवघड भाग काउंटरवर कागद पसरल्यावर सुरू होतो.

माझ्याकडे कोऱ्या कागदांचा गठ्ठा असतो. मी म्हणते, घराचा नकाशा काढा. कोण कुठे झोपतं ते लिहा. इथली घरं लाकडी सांगाड्याची, आतल्या भिंती म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा इंच जाडीची जिप्समची पाटी आणि मध्ये पोकळी. हँडगनची गोळी अशा एका भिंतीतून जाते, दुसरीतूनही जाते. सरावाची पूर्ण आवरणाची गोळी आणखी पुढे जाते, म्हणून घरात पोकळ टोकाची ठेवायची. ती लागलेल्या ठिकाणी पसरते आणि तिथेच थांबण्याची शक्यता वाढते. पण भिंतीला तीही अडत नाही. वहिनींनी बेडरूमपासून दारापर्यंत रेघ काढली आणि ती तशीच पुढे नेली. रेघ जिन्यावरून पलीकडे सासूबाईंच्या पलंगावर जाऊन टेकली. यजमान बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

त्यानंतर तिघांनी मिळून वेगळंच ठरवलं. रात्री काही झालं तर वहिनींनी आधी सासूबाईंच्या खोलीत जायचं, दार आतून लावायचं, 911 ला फोन करायचा आणि तिथेच थांबायचं. घरभर चोर शोधत फिरायचं नाही. त्या खोलीच्या दाराची दिशा बाहेरच्या विटांच्या भिंतीकडे होती, म्हणून तीच खोली.

तिजोरीचा विषय मी कधीच सोडत नाही. भरलेली बंदूक हयगयीनं ठेवली आणि ती सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली, तर तो टेक्ससमध्ये गुन्हा आहे. ‘आमच्याकडे लहान मूल नाही’ म्हणणाऱ्यांना मी गणपतीची आठवण करून देते. दीड दिवसाच्या गणपतीलाही घरात तीस माणसं असतात, आणि पोरं वरच्या मजल्यावर लपाछपी खेळतात. पलंगाला किंवा भिंतीला बोल्टनं जखडलेली, अंधारातही बटणं दाबून उघडणारी छोटी सेफ घ्या. पिस्तुलाच्या पैशांतून थोडे वाचवावे लागले तरी चालेल, सेफमधून वाचवू नका.

आणखी एक गोष्ट काउंटरच्या आत बोलली जाते, बाहेर क्वचित. 2009 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका दुकानातून आठवड्याभराच्या आत तीन अनोळखी माणसांनी बंदुका घेतल्या, आणि प्रत्येकानं खरेदीनंतर काही तासांतच स्वतःचा जीव घेतला. त्या राज्यातले दुकानदार आणि सार्वजनिक आरोग्यातली माणसं एकत्र बसली. गिऱ्हाइकाच्या कुठल्या वागण्याकडे लक्ष द्यायचं, विक्री कधी थांबवायची, याची पत्रकं त्यांनी काढली. ती पुढे इतर राज्यांत गेली. 2021 साली अमेरिकेत बंदुकीनं 48,830 माणसं गेली, त्यातल्या 26,328 आत्महत्या होत्या. घरात बंदूक आणणाऱ्यानं चोराइतकाच या आकड्याचा विचार करायला हवा, असं माझं ठाम मत आहे. घरात कोणी खचलेलं असेल, कोणावर औषधोपचार चालू असतील, तर मी म्हणते आत्ता नको. आधीच घरात असेल तर काही काळ बाहेर विश्वासाच्या जागी ठेवा. आमच्या काउंटरवर 988 या मदतवाहिनीची कार्डं असतात. एकदा एक माणूस आला, काहीच विचारेना, हातात घेऊन बघेना, ‘कुठलीही चालेल’ एवढंच म्हणाला. मी विक्री केली नाही. विकायला नकार द्यायचा अधिकार दुकानदाराला असतो. त्या संध्याकाळी मालकानं फक्त मान हलवली.

बंदूक घेताना गिऱ्हाइकानं भरायच्या 4473 क्रमांकाच्या फॉर्मचे किस्सेही कमी नाहीत. एकदा एच-1बी व्हिसावर असलेला तरुण आपल्या दाजींना घेऊन आला. दाजी अमेरिकन नागरिक. ‘पैसे मी देतो, फॉर्म दाजी भरतील.’ मी फॉर्म तिथेच बाजूला ठेवला. खरा खरेदीदार कोण, हा त्यातला महत्त्वाचा प्रश्न आहे. दुसऱ्यासाठी, दुसऱ्याच्या पैशानं, आपल्या नावावर बंदूक घेणं हा केंद्रीय गुन्हा आहे आणि 2022 च्या कायद्यापासून त्याला 15 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बिचाऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तात्पुरत्या व्हिसावर बंदूक सहसा घेता येत नाही, पण शिकारीचा चालू परवाना असेल तर कायद्यात सूट आहे. तो मुलगा पुढे टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफचा शिकार परवाना काढून स्वतःच्या नावावर फॉर्म भरायला आला. एफबीआयच्या तपासणीतून ‘डिले’ आला, मग काही दिवसांनी ‘प्रोसीड’. तो परवाना संपू द्यायचा नाही, हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

शुगरलँडच्या यजमानांचं पी365 अजून यादीत होतं. त्यांना मी त्यांचा दिवस विचारला. 1 सप्टेंबर 2021 पासून टेक्ससमध्ये 21 वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याविना हँडगन बाळगता येते, म्हणून लोकांना वाटतं आता सगळीकडे चालते. तसं नाही. त्यांच्या ऑफिसच्या दारावर बंदूक आणायला मनाई करणाऱ्या पाट्या. विमानतळावर तपासणीच्या पुढे नाही. ज्या बारमध्ये निम्म्याहून जास्त कमाई दारूची, तिथे लाल 51 टक्क्यांची पाटी, तिथेही नाही. म्हणजे त्यांचं पिस्तूल दिवसभर गाडीत पडून राहणार, आणि चोरांना पिस्तुलं मिळतात ती अशाच पार्किंगमधल्या गाड्यांतून. त्यांनी स्वतःच यादीतली ती ओळ खोडली.

त्या दिवशी बिल झालं ते एका ईझेडचं, एका सेफचं, सरावाच्या काडतुसांच्या खोक्यांचं आणि एका वर्गाच्या फीचं. वर्गाला दोघंही येत राहिले. वहिनी पुढे एलटीसीच्या, म्हणजे बाळगण्याच्या परवान्याच्या, परीक्षेला बसल्या. परवान्याची आता सक्ती नसली तरी तो काढावा, असं मी सांगते. शाळेच्या 1000 फुटांच्या पट्ट्यातून जाताना केंद्रीय कायद्याची अडचण परवानाधारकाला येत नाही, शिवाय इतर बरीच राज्यं तो मानतात. परीक्षेत 50 गोळ्या असतात. तीन यार्डांवरून 20, सात यार्डांवरून 20, पंधरावरून 10. 250 पैकी 175 गुण लागतात. वहिनींना 231 मिळाले.

आता बाळगायचं पिस्तूल त्यांना स्वतःसाठी हवं आहे. घरात ईझेड आहे, तेव्हा चापाची आणि मुठीची सवय फार बदलू नये असं बघायचं आहे. शनिवारी रेंजवर भाड्याची तीन झाडून बघायचं ठरलं आहे, पी365, ग्लॉक 43एक्स आणि शील्डमधलं लहान. सासूबाईंजवळ त्या वेळी यजमान थांबणार आहेत.