किनाऱ्यावरून दिसणारा देवमासा

पिंपरी-चिंचवडच्या श्रोत्यांपुढे समुद्राविषयी बोलावयाचे म्हणजे प्रथम थोडे संकोचल्यासारखे होते. आपली पवना मुळेला मिळते, मुळेचे पाणी भीमेत व भीमेचे कृष्णेत जाते, आणि शेवटी ते सारे पूर्वेकडे बंगालच्या उपसागरात पोहोचते. परंतु पश्चिमेकडचा समुद्र आपणांपासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरच आहे. सुट्ट्या लागल्या की येथली शेकडो कुटुंबे घाट उतरून दापोली, गणपतीपुळे, मालवण अशी जातात. वाळूवर उभे राहिल्यावर समोरच्या पाण्यात कोण राहते, हा प्रश्न मात्र फार थोड्यांना पडतो.

पहिली गोष्ट ही की, देवमासा हा मासा नव्हे. तो आपल्यासारखाच उष्ण रक्ताचा, फुप्फुसाने श्वास घेणारा आणि पिलाला दूध पाजणारा प्राणी आहे. श्वासासाठी त्याला वर यावेच लागते, आणि म्हणूनच तो किनाऱ्यावरून दिसू शकतो. त्याची नाकपुडी डोक्याच्या माथ्यावर असते. वर येताच तो जोराने श्वास सोडतो. त्या उष्ण, दमट हवेचा फवारा दुरून कारंज्यासारखा दिसतो. देवमासा पाणी उडवितो असे म्हणतात, पण मुख्यतः तो त्याचा उच्छ्वास असतो.

देवमाशांचे दोन मोठे वर्ग आहेत. एक दातांचा, यात स्पर्म देवमासा व सारे डॉल्फिन येतात. दुसरा दात नसलेला. या वर्गातील प्राण्यांच्या वरच्या जबड्याला झालरीसारख्या पट्ट्या असतात. ते तोंडभर पाणी घेतात, पट्ट्यांतून बाहेर ढकलतात आणि आत राहिलेली बारीक मासळी व कोळंबीसारखे जीव गिळतात. पृथ्वीवरील सर्वांत मोठा प्राणी, निळा देवमासा, याच वर्गातला.

दक्षिण आफ्रिकेतील हर्मेनस गावी किंवा अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर लोक कड्यावर बसून देवमासे पाहतात. ते देवमासे उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड समुद्रात पोट भरतात आणि हिवाळ्यात पिलांसाठी उबदार पाण्याकडे येतात. येथे एक शंका निघेल : आपल्या अरबी समुद्राला उत्तरेकडे जमिनीने बंद केले आहे, मग येथला देवमासा ध्रुवाकडे जाणार कोठून? उत्तर असे की, येथला कुबड्या देवमासा ध्रुवाकडे जातच नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबस्तानच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर लोटतात, तेव्हा खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते आणि मासळी वाढते. जो वारा आपल्या शेतांना पाऊस देतो, तोच या प्राण्याला अन्न देतो. म्हणून तो बारा महिने याच समुद्रात राहतो, आणि हजारो वर्षे जगातील आपल्या इतर भाईबंदांपासून वेगळा पडला आहे.

मात्र तो एका जागी बसून राहत नाही. २०१७ साली ओमानच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी एका मादीच्या अंगावर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसविले. तिचे नाव लुबान. ती सरळ अरबी समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली, तेथून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानकडे परतली. कोकणच्या बंदरात उभा असलेला माणूस या वाटेपासून किती जवळ असतो, हे यावरून कळावे.

मग हे देवमासे वारंवार का दिसत नाहीत? एक कारण, ते उरलेच थोडे आहेत. १९६६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान व वायव्य भारत यांच्या समुद्रात दोनशेहून अधिक कुबड्या देवमासे मारले. ही बेकायदा शिकार जगापासून लपविली गेली आणि १९९० नंतरच्या दशकात उघड झाली. आज ओमानच्या आसपास त्यांची संख्या शंभराहून कमी मानली जाते. जहाजांची धडक आणि मासेमारीची जाळी यांचे भय आजही आहे.

आता थोडे आपल्या परिसराविषयी. 'देवमाशाची उलटी' विकताना माणसे पकडली गेल्याच्या बातम्या २०२१ पासून पुणे-पिंपरी भागातूनही आल्या आहेत. ही वस्तू म्हणजे अंबर. स्पर्म देवमासा म्हाकूळ खातो. तिच्या कठीण चोची पचत नाहीत, आणि त्यांच्याभोवती हा मेणासारखा पदार्थ आतड्यात तयार होतो. अत्तराच्या धंद्यात त्याला मोठा भाव आला. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देवमाशाला सर्वोच्च संरक्षण दिले असून अंबराचा व्यापार हा गुन्हा आहे. झटपट श्रीमंतीच्या लोभाने कोणी तरुण या फंदात पडू नये.

कोकणात गेल्यावर काय पाहावे? मोठा देवमासा दिसणे हा भाग्ययोग; डॉल्फिन मात्र पुष्कळदा दिसतात. पाऊस संपल्यावर, वारा पडलेला असताना, सकाळी लवकर बसावे. जागा उंच निवडावी. वाळूवर उभ्या माणसाला क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवर असते. साठ मीटर उंचीवरून ते सत्तावीस किलोमीटरांच्या पुढे जाते. म्हणून रत्नागिरीच्या रत्नदुर्गासारखी जागा चांगली. जेथे पक्षी एकसारखे पाण्यावर सूर मारतात तेथे मासळी असते, आणि तेथेच डॉल्फिनही येतात. दुर्बीण असावी, घाई नसावी. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मंडणगड तालुक्यातील वेळासला कासवाची पिले समुद्राकडे जाताना पाहता येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून तेथे अंडी राखण्याचे काम आरंभिले आणि गावाने ते आपले मानले.

शेवटी एक प्रसंग. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे एक मोठे पिलू अडकले. गावकरी व सरकारी खाती दोन दिवस खपली, त्याच्यावर पाणी घालीत राहिली, आणि अखेर त्याला खोल पाण्यात ओढून नेण्यात आले. तरीही ते वाचले नाही. पाण्याबाहेर देवमाशाचे स्वतःचे वजनच त्याच्या फुप्फुसांवर दाबते आणि कातडीखालच्या जाड चरबीमुळे अंग तापते. त्यामुळे प्रत्येक तास मोलाचा असतो. असा प्राणी दिसल्यास त्याच्या अंगावर ओले कापड घालावे, माथ्यावरची नाकपुडी मोकळी ठेवावी, शेपूट ओढू नये, गर्दी दूर ठेवावी, आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर तत्काळ कळवावे. सुट्टीवर गेलेला पिंपरीचा एखादा कामगारच कदाचित तेथे पहिला पोहोचेल. काय करावे हे त्याला ठाऊक असले, तर आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले.