सिएनाच्या जमाखर्चाच्या वह्या

फ्लॉरेन्सहून सिएनाला जायचे तर आगगाडीपेक्षा बस बरी, असे तेथील विद्यार्थी एकमेकांना सांगतात. रेल्वेचे स्थानक टेकडीच्या पायथ्याशी आहे. बस मात्र सुमारे सव्वा तासात जुन्या शहराच्या उंबरठ्यावर आणून सोडते. सांगलीच्या एका हळदीच्या अडत्याची नात, वाणिज्य शाखेची पदवी घेऊन फ्लॉरेन्सला अर्थशास्त्र शिकायला गेलेली, नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी याच बसने निघाली. त्या दिवशी तिला तास नव्हते आणि सिएनात एका मैत्रिणीच्या खोलीवर दोन रात्रींची सोय झाली होती. पाठपिशवीत घरून आलेली ज्वारीची कडक भाकरी, लसूण न घातलेली शेंगांची चटणी आणि लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही होती. परदेशातला रोजचा खर्च या वहीत लिहायचा आणि महिनाअखेरची शिल्लक घरी कळवायची, एवढी एकच अट निरोप देताना आजोबांनी घातली होती.

त्या वहीतली शेवटची नोंद सप्टेंबरातली होती. उन्हाळ्यात दोन परीक्षा राहिल्या, आवश्यक तेवढे श्रेयांक भरले नाहीत आणि शिष्यवृत्तीचा पुढचा हप्ता अडला. शैक्षणिक कर्जासाठी वडिलांनी राहते घर तारण ठेवलेले. दर रविवारी फोनवर "सगळं ठीक आहे ना?" या प्रश्नाला "हो बाबा" एवढेच उत्तर जात होते.

सिएनात तिने प्रथम गाठला तो पिकोलोमिनी वाड्यातला सरकारी दफ्तरखाना. मध्ययुगात सिएना हे स्वतंत्र नगरराज्य होते आणि त्याच्या खजिन्याच्या कचेरीला 'बिक्केर्ना' म्हणत. एक मुख्य खजिनदार आणि त्याच्या जोडीला चार अधिकारी. मुदत सहा महिन्यांची. मुदत संपली की वही बंद होई आणि तिच्या लाकडी पुठ्ठ्यावर चित्र काढून घेतले जाई. उपलब्ध पुठ्ठ्यांपैकी सर्वांत जुना १२५८ सालचा आहे. त्यावर सान गालगानो मठाचा उगो नावाचा साधू पुढ्यात वही घेऊन बसलेला दिसतो. त्या सहामाहीचा खजिनदार तोच होता. खजिना पुष्कळदा मठातल्या साधूंकडे सोपवला जाई. ज्याला घरसंसार नाही आणि स्वतःची मालमत्ता नाही, त्याच्या हाती तिजोरीची किल्ली द्यावी, हे गणित कोणत्याही व्यापारी गावाला पटण्याजोगे आहे.

पुढील काळातल्या पुठ्ठ्यांवर अधिकाऱ्यांची नावे आणि त्यांच्या घराण्यांची चिन्हे ओळीने रंगवलेली आहेत. हिशेबात खोट निघाली तर कोणाला विचारायचे, हे वही उघडण्यापूर्वीच कळत असे. जमाखर्चाच्या वहीला इतका मान देणारे गाव विरळाच. पुढे पुढे तर ही चित्रे वह्यांपासून वेगळी होऊन भिंतीवर टांगली जाऊ लागली. ती त्या दालनात कितीतरी वेळ रेंगाळली. परीक्षेत लेखापरीक्षणाच्या व्याख्या लिहिताना हे कधी मनात आले नव्हते.

दुपारी ती काम्पोच्या चौकात उतरली. शिंपल्यासारखा उताराचा हा विटांचा चौक नऊ पाकळ्यांत विभागलेला आहे. १२८७ ते १३५५ या काळात शहराचा कारभार पाहणाऱ्या नऊ जणांच्या मंडळाची ती खूण. घोड्यांची प्रसिद्ध शर्यत, 'पालिओ', येथेच २ जुलै आणि १६ ऑगस्टला होते. नोव्हेंबरात मात्र कबुतरांचेच राज्य. चौकातल्या उंच मनोऱ्याचे नाव 'मांज्या'. पहिल्या घंटा वाजवणाऱ्याचे टोपणनाव 'मांज्यागुआदान्यी', म्हणजे कमाई खाऊन टाकणारा, असे होते. त्यावरून हे नाव पडले. उधळ्या माणसाचे नाव इतक्या उंचीवर कोरले जावे, ही गंमतच म्हणायची.

त्या नऊ जणांच्या सभागृहात आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. एका बाजूला सुराज्य: उघडी दुकाने, छपरावर काम करणारे गवंडी, ओझी लादलेली खेचरे, निर्धास्त शेतकरी. समोर कुराज्य: शिंगे असलेला जुलमी राजा आणि त्याच्या पायाशी बांधून टाकलेली न्यायदेवता. सुराज्याच्या चित्रात न्यायाच्या तराजूपासून निघालेली एक दोरी चोवीस नागरिकांच्या हातांतून जाते. दोरी कोणीही त्यांच्यावर आवळलेली नाही. त्यांनी ती आपण होऊन धरली आहे.

याच १३३९ साली शहराने आपले प्रार्थनामंदिर इतके वाढवायचे ठरवले, की असलेली वास्तू नव्या इमारतीची केवळ आडवी बाजू ठरावी. १३४८ मध्ये प्लेग आला. अग्नोलो दी तुरा या बखरकाराने आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरल्याची नोंद करून ठेवली आहे. लोरेन्झेत्तीही बहुधा त्याच साथीत गेला. माणसे उरली नाहीत, बांधकामातही दोष निघाले, आणि १३५७ मध्ये काम सोडून देण्यात आले. अर्धवट राहिलेली दर्शनी भिंत मात्र कोणी पाडली नाही. जिना चढून तिच्या माथ्यावर जाता येते आणि तेथून साऱ्या शहराची कौले दिसतात.

सालिम्बेनी चौकात ती पोचली तेव्हा दिवस कलू लागला होता. येथे मोंते देई पास्की या बँकेचे मुख्यालय आहे. गरिबांना माफक व्याजाने कर्ज देण्यासाठी १४७२ साली ती स्थापन झाली. आज चालू असलेल्या बँकांत सर्वांत जुनी म्हणून तिची ख्याती आहे. 'पास्की' म्हणजे चराऊ कुरणे. १६२४ मध्ये मारेम्मा प्रदेशातल्या सरकारी कुरणांचे उत्पन्न ठेवीदारांना हमी म्हणून देण्यात आले, त्यावरून हे नाव. सिएनाकर तिला लाडाने 'बाब्बो मोंते' म्हणत; बाब्बो म्हणजे बाबा. तिच्या नफ्यावर गावातल्या कितीतरी संस्था पोसल्या गेल्या. मग २००७ मध्ये आंतोनवेनेता ही दुसरी बँक नऊ अब्ज युरोंना घेण्याचा करार झाला आणि तो तिला पेलला नाही. २०१३ मध्ये तोटा झाकणारे व्यवहार उघडकीस आले. २०१७ मध्ये सरकारने भांडवल घालून तिला वाचवले आणि सुमारे ६८ टक्के मालकी सरकारकडे गेली. पाचशे वर्षांच्या या बँकेत तोट्यापेक्षा तोटा लपवण्याने अधिक घात केला, असे बँकव्यवहार जाणणारा कोणीही म्हणेल.

सूर्य पाचच्या आधीच मावळणार होता आणि खाणावळी सातनंतर उघडणार होत्या. 'पिची' हे तिकडचे हाताने वळलेले जाड शेवयांसारखे पक्वान्न बहुतेक लसूण किंवा मांसाच्या रश्शात येते; 'पानफोर्ते' या बदामी मिठाईत मध असतो. तोस्कानाचा पाव मात्र मीठ न घालता भाजतात आणि शेंगांच्या चटणीबरोबर तो उत्तम लागतो. चौकाच्या उतारावर बसून तिने उजेड असतानाच जेवण उरकले.

त्या रात्री मैत्रीण झोपल्यावर वही उघडली गेली. बँकेच्या पासबुकावरून सप्टेंबरपासूनचा खर्च एकेक करून नावे पडला. बसचे भाडे, भिंतीवर चढण्याचे तिकीट, पाव. जमेच्या बाजूला शिष्यवृत्तीपुढे तिने शून्य मांडले आणि खाली दोन राहिलेल्या परीक्षांची नावे लिहिली. पानांची छायाचित्रे वडिलांच्या मोबाईलवर गेली तेव्हा सांगलीत पहाटेचे साडेचार वाजले होते.

सकाळी फोन आला तो आजोबांचा. वडील शेजारीच असावेत. त्यांचा खाकरण्याचा आवाज येत होता. आजोबांनी बेरजा ताडून पाहिल्या होत्या. ऑक्टोबरात सात युरोंचा फरक होता, तो त्यांनी आधी विचारला. मग म्हणाले, "पानाखाली सही नाही तुझी. करून पुन्हा पाठव."

वडिलांनी फोन घेतला आणि परीक्षा परत कधी आहे, तेवढेच विचारले. एक जानेवारीत होती, दुसरी फेब्रुवारीत.